विल्सनचा आजार : बरे वाटले तरी गोळी चालूच



आपल्या आरोग्य-अभ्यासात कुपोषण, क्षयरोग, सर्पदंश, सिकलसेल असे विषय आपण ऐकत आलो आहोत. या अंकातला विषय बऱ्याच जणांना नवा वाटेल. विल्सनचा आजार हा जन्मतः येणारा, आईवडिलांकडून मुलांकडे उतरणारा आजार आहे. यात शरीरात तांबे साचते. सुमारे ३०,००० माणसांत एकाला तो होतो, असे सर्वसाधारणपणे सांगतात.

इतक्या थोड्या लोकांच्या आजारासाठी आख्खा पाठ कशाला, असे कोणी विचारील. जन्मतः येणाऱ्या अशा बहुतेक आजारांवर फारसा उपाय नसतो. यावर मात्र तोंडाने घ्यायचे औषध आहे, आणि वेळेवर सुरू केले तर माणूस शिकतो, कमावतो, संसार करतो. पण तेच औषध मध्येच सोडले तर जीव जातो. म्हणजे या आजारात रुग्णाचे आयुष्य डॉक्टरांच्या हातात जेवढे आहे, तेवढेच घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या हातात आहे. म्हणून हा पाठ तुमच्यासाठी.

मी परिचारिका आहे. पालघर जिल्ह्याच्या डोंगरी भागातील एका लहान दवाखान्यात काम करते. पुढे जे लिहिले आहे ते समजून घेण्यासाठी आहे. कोणती गोळी, किती आणि केव्हा, हे रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

शरीरात काय बिघडते?

तांबे आपल्या शरीराला लागते, पण अगदी थोडे. रोजच्या जेवणातून साधारण एक-दोन मिलिग्रॅम तांबे पोटात जाते. आतड्यातून ते यकृतात, म्हणजे काळजात पोहोचते. यकृत हवे तेवढे वापरते आणि उरलेले पित्तातून बाहेर टाकते. शौचावाटे ते निघून जाते.

विल्सनच्या आजारात ही बाहेर टाकण्याची वाटच बंद असते. त्या कामासाठी लागणारे प्रथिन जे जनुक बनवते, तेच सदोष असते. १९९३ साली हे जनुक सापडले. त्याचे नाव एटीपी७बी, आणि ते तेराव्या गुणसूत्रावर असते. वाट बंद असल्यामुळे तांबे आधी यकृतात साठते. यकृत भरले की ते रक्तात उतरते आणि मेंदू, डोळे, मूत्रपिंड येथे जाऊन बसते.

मूल जन्मते तेव्हा धडधाकट असते. साठा हळूहळू वाढतो. म्हणून लक्षणे बहुधा पाचव्या वर्षानंतर आणि पस्तिशीच्या आत दिसू लागतात. जेवणातले तांबे रोज येतच राहते, त्यामुळे साठणेही कधी आपोआप थांबत नाही. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पुढचा सगळा पाठ तिच्यावर उभा आहे.

लक्षणे : एकच आजार, अनेक चेहरे

लहान वयात बहुधा यकृताचा त्रास आधी दिसतो. थकवा, भूक मंदावणे, डोळे पिवळे होणे, पोटात पाणी होणे, पाय सुजणे. आपल्याकडे डोळे पिवळे झाले की ‘कावीळ’ म्हणून माळ घालतात, झाडपाल्याचे औषध देतात. साध्या विषाणूची कावीळ पुष्कळदा आपोआप उतरते, त्यामुळे माळेला यश मिळाल्यासारखे वाटते. विल्सनची कावीळही कधी काही काळ उतरते. आतले साठणे मात्र चालू राहते.

किशोरवयात आणि तरुणपणी मेंदूची लक्षणे पुढे येतात. हात थरथरतो. बोलणे जड आणि अडखळत होते. तोंडातून लाळ गळते. हात, पाय किंवा मान वाकडी ओढली जाते. चालताना तोल जातो. अक्षर बिघडणे ही शाळेतली सर्वांत पहिली खूण असू शकते.

तिसरा चेहरा मनाचा. शांत मुलगा अचानक चिडू लागतो, हट्ट करतो, एकटा बसतो, अभ्यासातून उतरतो, रडतो. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. शाळा म्हणते, आगाऊपणा करतो.

मुलींच्या बाबतीत पाळी न येणे किंवा बंद होणे, लग्नानंतर वारंवार गर्भपात होणे, हेही या आजारामुळे होऊ शकते. अशा वेळी सगळा दोष त्या बाईच्या माथी मारला जातो. तिच्या रक्ताची तपासणी करावी असे कोणाच्या मनातही येत नाही.

एका मुलीविषयी सांगते. तिचे नाव, गाव मुद्दाम लिहीत नाही. आश्रमशाळेत आठवीत होती. दोन वर्षांपूर्वी तिला कावीळ होऊन गेली होती. तिचा थोरला भाऊ त्याच्याही आधी ‘काविळीने’ वारला होता. आता तिचे अक्षर ओळीवर राहीना, जेवताना घास सांडू लागला, लाळ गळू लागली. वर्गातल्या मुली हसत. घरी नेले तेव्हा भगताने दोनदा कोंबडे घेतले. शेवटी अधीक्षिकाबाईंनी वह्या समोर ठेवल्या, जूनची आणि डिसेंबरची. त्या दोन पानांतला फरक पाहूनच आमच्या डॉक्टरांनी तिला नेत्रतपासणीला पाठवले.

निदान कसे होते?

डोळ्यांचे डॉक्टर दिव्याच्या खास यंत्रातून बुबुळाच्या कडेला पाहतात. तांबे साचले असेल तर तेथे तपकिरी-हिरवट कडे दिसते. त्याला कायसर-फ्लायशर कडे म्हणतात. १९०२ आणि १९०३ साली ज्या दोन डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले, त्यांची ही नावे. मेंदूची लक्षणे असलेल्या बहुतेक रुग्णांत ते सापडते. फक्त यकृताचा त्रास असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांतच सापडते. म्हणून कडे नाही म्हणजे आजार नाही, असे म्हणता येत नाही.

रक्तात सेरुलोप्लाझ्मिन नावाचे तांबे वाहणारे प्रथिन मोजतात. या आजारात ते बहुधा कमी असते. चोवीस तासांच्या लघवीतले तांबे मोजतात. ते वाढलेले असते. गरज पडली तर यकृताचा तुकडा किंवा जनुकाची तपासणी करतात.

चोवीस तासांची लघवी गोळा करणे सोपे वाटते, पण पाड्यावर तिथेच चूक होते. पहाटेची पहिली लघवी टाकून द्यायची. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या पहाटेची सगळी लघवी प्रयोगशाळेने दिलेल्या प्लास्टिकच्या कॅनमध्येच जमा करायची. धातूचे भांडे वापरायचे नाही. एक वेळची जरी सांडली तरी आकडा चुकतो आणि मुंबईची खेप वाया जाते.

औषध कसे सापडले?

लंडनमध्ये काम करणारे डॉ. सॅम्युअल अलेक्झांडर किनियर विल्सन यांनी १९१२ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले. तेव्हा त्याच्यावर काहीही उपाय नव्हता. आजार ओळखणे म्हणजे मरण सांगणे होते. १९४८ साली कमिंग्ज या संशोधकांनी अशा रुग्णांच्या यकृतात आणि मेंदूत जास्तीचे तांबे असल्याचे दाखवले, आणि उपचाराची दिशा मिळाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विषारी वायूवर उतारा म्हणून इंग्लंडमध्ये एक औषध तयार झाले होते. ते धातूला धरून शरीराबाहेर काढते. १९५१ पासून ते विल्सनच्या रुग्णांना देऊन पाहिले. पण ते स्नायूत टोचावे लागे आणि फार दुखे. आयुष्यभर अशी सुई कोण घेणार?

१९५६ साली डॉ. जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन हे तोंडाने घेण्याचे औषध पुढे आणले. पेनिसिलीनपासून मिळणारा हा पदार्थ तांब्याला धरतो आणि लघवीवाटे बाहेर नेतो. ज्यांना ते सोसत नाही त्यांच्यासाठी वॉल्श यांनीच १९६९ साली ट्रायेंटिन हे दुसरे औषध सांगितले. तिसरे औषध जस्त, म्हणजे झिंक. ते आतड्याच्या पेशींत तांबे अडकवून ठेवते. त्या पेशी झडल्या की तांबे शौचावाटे जाते, रक्तात शिरतच नाही.

थोडक्यात, पहिली दोन औषधे साठलेले तांबे बाहेर काढतात आणि झिंक नवे तांबे आत येऊ देत नाही. साठा जास्त आणि लक्षणे ठळक असतील तर डॉक्टर बहुधा बाहेर काढणाऱ्या औषधाने सुरुवात करतात. साठा उतरला की काहींना झिंकवर ठेवतात. लक्षणे दिसण्याआधीच आजार सापडला तर काहींना सुरुवातीपासून झिंक देतात.

आपल्या भागात ट्रायेंटिन मिळवणे अवघड आहे. ते महाग आहे आणि त्याच्या काही कॅप्सूल थंड ठिकाणी ठेवाव्या लागतात. ज्या पाड्यावर फ्रिज नाही तेथे हा विचार डॉक्टरांपुढे आधीच मांडावा.

गोळी घेण्याचे नियम

पेनिसिलामाइन रिकाम्या पोटी घ्यायचे असते. जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. अन्नाबरोबर घेतले तर ते नीट शोषले जात नाही. पाड्यावर पहाटे उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, ही वेळ सर्वांत सोपी जाते. त्याच्या जोडीला ब-६ जीवनसत्त्वाची गोळी देतात, कारण पेनिसिलामाइनमुळे ते जीवनसत्त्व कमी होते.

लोहाची गोळी त्याच्याबरोबर घेऊ नये. लोह ते औषध आतड्यातच अडवून ठेवते. शाळेत किशोरवयीन मुलामुलींना दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. विल्सनचे मूल असेल तर शिक्षकांना आधी सांगून दोन्ही गोळ्यांच्या वेळा लांब ठेवाव्यात. ॲसिडिटीच्या औषधालाही हाच नियम. पेनिसिलामाइन आणि झिंक दोन्ही चालू असतील तर तेही एका वेळी घ्यायचे नाहीत.

झिंकही जेवणापासून दूर घ्यायचे असते. कोणाकोणाला त्याने मळमळ होते. अशा वेळी गोळी टाळायची नाही, डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घ्यायची. जुलाब झाले की आशाताई लहान मुलांना झिंकच्या गोळ्या चौदा दिवस देतात. हे झिंक तेच, पण मात्रा आणि काम वेगळे. त्या गोळ्या विल्सनच्या रुग्णाला परस्पर देऊन भागत नाही.

आता सर्वांत अवघड गोष्ट. मेंदूची लक्षणे असलेल्या काही रुग्णांचा त्रास पेनिसिलामाइन सुरू केल्यावर आधी वाढतो. हालणारे तांबे थोडा काळ मेंदूला त्रास देते, असे मानतात. म्हणून डॉक्टर थोड्या मात्रेने सुरुवात करतात आणि सावकाश वाढवतात. त्या मुलीचेही असेच झाले. औषध सुरू होऊन महिना झाला नाही तोच तिचा हात जास्त थरथरू लागला. तिचे वडील गोळ्यांची पिशवी घेऊन दवाखान्यात आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, “सिस्टर, तुमच्या गोळीनं पोर अजून बिघडली. ही घ्या परत.” आम्ही तिथूनच मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी मात्रा कमी केली, औषध बंद केले नाही. ते नंतर पुन्हा हळूहळू वाढवले. सहा महिन्यांनी तिची लाळ थांबली. वर्षाने ती स्वतःच्या हाताने न सांडता भात खाऊ लागली.

पेनिसिलामाइनचे दुष्परिणाम खरे आहेत, आणि ते लपवू नयेत. पहिल्या काही आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ येऊ शकते. रक्तातील पेशी कमी होऊ शकतात, लघवीतून प्रथिने जाऊ शकतात. म्हणून सुरुवातीला वरचेवर आणि पुढे ठरावीक मुदतीने रक्त-लघवी तपासावी लागते. ताप आला, पुरळ आले, अंगावर निळे डाग पडले, तोंड सुजले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

त्रास कमी करणारे इतर उपचार

तांबे काढणारे औषध मुळावर काम करते, पण त्याला महिने लागतात. तोवर लक्षणांवरही उपचार करावे लागतात. थरथर आणि स्नायूंची ओढ कमी करणारी वेगळी औषधे असतात. बोलण्यासाठी वाचा-उपचार, चालण्यासाठी व्यायाम. पोटात पाणी झाले असेल तर लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि कमी मीठ. मन फार खचले असेल तर मानसोपचार. मात्र मनाच्या काही औषधांनी अशा रुग्णांचे अंग आणखी ताठरते. म्हणून मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांना हा आजार आहे हे आधीच सांगायचे.

यकृत पूर्ण निकामी झाले तर यकृत-प्रत्यारोपण हाच मार्ग उरतो. तेथवर वेळ येऊ नये म्हणूनच लवकर निदान हवे. यकृत आधीच जखमी असल्याने दारू आणि ताडी पूर्ण वर्ज्य. दुखण्याच्या, तापाच्या गोळ्याही मनाने घ्यायच्या नाहीत.

आहारात तांबे जास्त असलेल्या गोष्टी, निदान पहिले वर्षभर, टाळायला सांगतात. कलेजी, खेकडे, कालवे, शिंपल्या, अळंबी, काजू-बदाम, चॉकलेट. आपल्या भागात पावसाळ्यात ओढ्यातले खेकडे आणि रानातली अळंबी हेच घरातले चांगले कालवण असते. म्हणून त्या मुलाच्या ताटात त्याऐवजी काय वाढायचे, हे आईशी बसून ठरवावे लागते. डाळ आणि अंडे सहसा चालते. मात्र नुसत्या पथ्याने हा आजार कधीच आवरत नाही.

तांब्याच्या भांड्याविषयी

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. पाणी प्यायच्या भांड्याला आपण ‘तांब्या’च म्हणतो. विल्सनच्या रुग्णाने मात्र तांब्याच्या भांड्यातले पाणी पिऊ नये, आणि कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात शिजवलेले खाऊ नये. स्टील किंवा माती उत्तम.

येथे महाराष्ट्रातलेच एक काम सांगण्यासारखे आहे. भारतात लहान मुलांचे यकृत कठीण होऊन ती दगावत, असा एक वेगळा आजार पूर्वी पुष्कळ दिसे. तो विल्सनचा आजार नव्हे, पण त्यातही यकृतात तांबे साठत असे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात या मुलांच्या दुधाची चौकशी केली. तान्ह्या बाळांना लवकर वरचे दूध सुरू केलेले, आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले आणि ठेवलेले आढळले. त्या मुलांनाही त्यांनी पेनिसिलामाइन देऊन पाहिले. आजार फार पुढे जाण्याआधी ते मिळाले तर काही मुले वाचली. घरोघरी भांडी बदलत गेली आणि आज तो आजार क्वचितच दिसतो.

या दोन आजारांत एक मोठा फरक आहे. तेथे भांडे बदलल्याने आजार टळला. विल्सनच्या आजारात दोष शरीराच्या आत आहे. भांडे बदलणे चांगले, पण गोळीला ते पर्याय नाही.

धडधाकट भावंडांचे काय?

प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक सदोष आणि एक चांगली असेल तर माणूस आजारी पडत नाही. त्याला वाहक म्हणतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता अशी की मुलाला दोन्ही सदोष प्रती मिळतील आणि आजार होईल. दोन शक्यता अशा की ते वाहक होईल, आणि एक अशी की ते पूर्ण मुक्त असेल. यात आईचा दोष नाही, वडिलांचा नाही, कोणाची करणी नाही आणि कोणाच्या पापाची शिक्षाही नाही.

याचा अर्थ असा की एका मुलात आजार सापडला तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाची तपासणी झालीच पाहिजे, मग ते कितीही ठणठणीत दिसो. त्या मुलीच्या धाकट्या भावाला तपासले तेव्हा त्यालाही आजार निघाला. वय नऊ. झाडावर चढणारा, कबड्डी खेळणारा. आजी म्हणाली, “याला काय झालंय? हसतोय, खातोय. चांगल्या पोराला गोळ्या कशाला?” प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला वेळ लागला. मी तिला म्हटले, “आजी, थोरल्या नातवालाही नवव्या वर्षी काही नव्हतं.” ती बराच वेळ गप्प बसली. मग गोळ्या कुठे ठेवायच्या ते विचारले.

लक्षणे येण्याआधी औषध सुरू झालेले आणि ते न चुकवणारे मूल पुढे आजारी पडतच नाही, अशी रास्त आशा बाळगता येते. या पाठातली हीच सर्वांत आनंदाची बातमी.

औषध का सुटते?

होडीच्या तळाला बारीक भोक आहे आणि ते बुजवता येत नाही, असे समजा. पाणी उपसत राहिलात तर होडी वर्षानुवर्षे तरंगते. होडी कोरडी दिसते म्हणून उपसणे थांबवले तर ती त्या दिवशी बुडत नाही. म्हणूनच फसगत होते. विल्सनचा रुग्ण गोळी सोडतो, महिना-दोन महिने काहीच होत नाही, आणि त्याला वाटते की आता गरज उरली नाही. पुढे काही महिन्यांत किंवा वर्षांत यकृत एकाएकी कोसळते, आणि त्या वेळी पुन्हा सुरू केलेली गोळी बहुधा उशिराची ठरते. डॉ. वॉल्श यांनी १९८६ साली याच धोक्यावर स्वतंत्र लेख लिहून डॉक्टरांना सावध केले होते.

आमच्या भागात गोळी सुटण्याची कारणे मी पाहिली आहेत. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाते आणि गोळ्या घरातच राहतात. आश्रमशाळेला मे महिन्याची सुट्टी लागते आणि रोज गोळी देणाऱ्या अधीक्षिकाबाई जवळ नसतात. तालुक्याच्या दुकानात औषध मिळत नाही आणि मुंबईच्या खेपेचे भाडे नसते. मुलीचे लग्न ठरते आणि सासरी कळू नये म्हणून गोळी लपवली जाते. दिवस गेले की बाळाला इजा होईल म्हणून बंद केली जाते. वास्तविक गरोदरपणात औषध बंद करणेच धोक्याचे; डॉक्टर लागल्यास मात्रा कमी करतात.

आणखी एक कारण आपल्याच घरातले आहे. भगताकडे गेल्याबद्दल आपण लोकांना बोल लावतो. पण चंगाईच्या सभेतून परतलेल्या रुग्णाला “आता विश्वास धर, गोळी सोड” असे सांगणारी माणसे आपल्यातही असतात. रुग्णासाठी प्रार्थना अवश्य करा. त्याला बरे वाटू लागले तर आभार माना. पण त्याच्या हातातली गोळी काढून घेऊ नका. ती सोडायला सांगणाऱ्याला त्या मुलाच्या आईसमोर पुन्हा उभे राहावे लागेल.

आपण काय करू शकतो?

रोग बरा करणे आपल्या हाती नाही, पण गोळीत खंड पडू न देणे आहे. कुटुंब स्थलांतर करणार असेल तर निघण्याआधी तीन-चार महिन्यांचे औषध आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत त्यांच्या गाठोड्यात जाईल हे पाहा. भट्टीजवळच्या एखाद्या ओळखीच्या मंडळीला कळवा. मुंबईला तपासणीला जाताना सोबत एक लिहिता-वाचता येणारा माणूस द्या. रांग, कागद आणि भाषा यांतच निम्मे लोक माघारी फिरतात. सुट्टीत गोळीची जबाबदारी कोणाची, हे शाळा सुटण्याआधी नावानिशी ठरवा. औषध संपायला पंधरा दिवस उरले असतानाच पुढचे मागवा, शेवटच्या दिवशी नव्हे.

आणि डोळे उघडे ठेवा. पुन्हा पुन्हा कावीळ होणारे मूल, अक्षर आणि बोलणे बिघडत चाललेला किशोर, ज्या घरात एक मूल ‘काविळीने’ गेले आणि दुसरे आजारी आहे असे घर. यांतले काही दिसले तर त्या घरच्यांना एकदा तरी डॉक्टरांपर्यंत घेऊन जा आणि सांगा, “विल्सनचा आजार नाही ना, एवढे पाहा.”

ती मुलगी आता बारावीत आहे. अक्षर अजून थोडे वाकडे आहे, पण ओळीवर राहते. तिचा भाऊ कबड्डीच्या संघात आहे. दोघांच्याही पहाटेच्या गोळ्या चालू आहेत.

चर्चेसाठी प्रश्न

१. विल्सनच्या आजारात शरीराचे कोणते काम बंद पडते? पथ्य आणि भांडी बदलून ते का भागत नाही?

२. मुलाची कोणती तीन लक्षणे शाळेत आधी लक्षात येऊ शकतात? आपल्या भागातील शिक्षकांना ती कोण सांगणार?

३. धडधाकट दिसणाऱ्या भावंडाला औषध का द्यायचे, हे तुम्ही एखाद्या आजीला आपल्या शब्दांत कसे समजावाल?

४. “मला आता बरे वाटते” असे म्हणून औषध सोडू पाहणाऱ्याला तुम्ही काय उत्तर द्याल?

५. दीर्घकाळ रोज औषध घेणारी कोण कोण माणसे आपल्या मंडळीत आहेत? क्षय, मिरगी, मधुमेह, सिकलसेल, कोणताही आजार असो. त्यांच्या औषधात खंड पडू नये म्हणून या महिन्यात आपण कोणते एक काम पत्करू?